मुंबईहून विमानाने जाताना अंतर किती, वेळ किती आणि घरातून निघायचं कधी: पहिल्यांदाच जाणाऱ्यांसाठी

पहिल्यांदा विमानाचं तिकीट काढायला बसलेला माणूस आधी नेटवर टाकतो, मुंबई ते दिल्ली अंतर किती, आणि समोर येतात तीन वेगवेगळे आकडे, कुठे ११४० किलोमीटर, कुठे १३८४, कुठे १४०० च्या वर. वेळेचंही तसंच, एकीकडे पावणेदोन तास, दुसरीकडे सव्वादोन. मग माणूस गोंधळतो आणि शेवटी कुणातरी ओळखीच्याला फोन करतो. खरं म्हणजे यातला एकही आकडा चुकीचा नाहीये, प्रत्येक आकडा वेगळी गोष्ट मोजतोय एवढंच, आणि कुठला आकडा आपल्या कामाचा ते एकदा कळलं की कुठल्याही दोन शहरांचा हिशोब आपला आपण लावता येतो. आणि मला जे कळकळीने सांगायचंय ते हे की विमानाला किती वेळ लागतो आणि तुम्हाला किती वेळ लागतो या दोन गोष्टींत खूप फरक आहे, बेत नेहमी दुसऱ्या आकड्यावर करायचा.

पहिली स्टेप : कुठलं अंतर बघताय ते ओळखा

तीन अंतरं असतात. हवाई, रेल्वेचं आणि रस्त्याचं. दिल्लीचं ११४० हे हवाई अंतर, म्हणजे पृथ्वीच्या गोलावरून दोन विमानतळांमधला सगळ्यात जवळचा मार्ग. १३८४ हे मुंबई सेंट्रलहून राजधानी जाते त्या रुळांचं अंतर, आणि १४०० च्या पुढचं ते रस्त्याचं. नागपूरचं बघा, हवाई अंतर ६९० च्या आसपास, सीएसएमटीहून रेल्वेने ८३७, आणि नुसता समृद्धी महामार्गच ७०१ किलोमीटर आहे, तोही भिवंडीजवळच्या आमणेपासून मोजलेला, म्हणजे तुम्ही दादरला राहत असाल तर त्यात अजून भर घाला. पुणे हवाई १२० आणि रस्त्याने १५०. गोवा हवाई सव्वाचारशे, रस्त्याने मात्र साडेपाचशे-सहाशे, कारण मधे घाट, खाड्या, वळणं. म्हणून रस्त्याच्या अंतराला कुठल्यातरी ठरलेल्या आकड्याने भागून हवाई अंतर काढायला जाऊ नका, प्रत्येक दिशेला गणित वेगळं पडतं.

अजून एक, काही साइटवर अंतर मैलात देतात आणि विमानवाले नॉटिकल मैल वापरतात. साधा मैल १.६०९ किलोमीटरचा, नॉटिकल मैल १.८५२ चा. त्यामुळे दिल्लीचं अंतर कुणी ७१० सांगेल, कुणी ६१५ सांगेल, दोघंही बरोबर. आकड्यापुढे काय लिहिलंय ते बघायची सवय लावून घ्या.

दुसरी स्टेप : स्वतः काढून बघा (हौस असेल तर)

शाळेतला पायथागोरस इथे खरंच कामाला येतो. मुंबई विमानतळ साधारण १९.१ उत्तर अक्षांश आणि ७२.९ पूर्व रेखांशावर आहे, दिल्लीचा २८.६ आणि ७७.१ वर. अक्षांशांत फरक ९.५ अंश, एक अंश म्हणजे १११ किलोमीटर, म्हणजे उत्तरेकडे अंदाजे १०५५ किलोमीटर. रेखांशांत फरक ४.२ अंश, पण रेखांशाच्या रेघा ध्रुवाकडे जाताना जवळजवळ येत जातात, मुंबई-दिल्लीच्या मधल्या पट्ट्यात एक अंश १०१ किलोमीटरचा पडतो, म्हणजे पूर्वेकडे ४२४. दोन्हींचे वर्ग करा, बेरीज करा, वर्गमूळ काढा, ११३७ येतात. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर दोन मिनिटांचं काम आहे. घरात सातवी-आठवीतलं पोर असेल तर त्याला नक्की करायला द्या, भूगोल आणि गणित एकाच वेळी डोक्यात बसतं.

ही युक्ती भारतातल्या भारतात चालते. मुंबईहून लंडन किंवा न्यूयॉर्कसाठी नाही चालत, कारण तिथे पृथ्वीचा गोलावा मोठा होतो. त्यासाठी घरात पृथ्वीगोल असेल तर मुंबईवर दोऱ्याचं एक टोक धरा आणि न्यूयॉर्कपर्यंत ताणा, दोरा आधी वर उत्तरेकडे चढतो आणि मग खाली उतरतो. भिंतीवरच्या सपाट नकाशावर हाच मार्ग उगाच वळसा घातल्यासारखा दिसतो आणि लोक विचारतात, सरळ का नाही नेत विमान. अहो, तोच सरळ आहे, नकाशा सपाट आहे म्हणून वाकडा दिसतोय. ढोबळ आकडे लक्षात ठेवायचे तर मुंबईहून दुबई १९०० च्या थोडं वर, सिंगापूर ३९००, लंडन ७२००, न्यूयॉर्क साडेबारा हजार किलोमीटर.

तिसरी स्टेप : शहराचं नाव नको, विमानतळ बघा

इथे पैसे आणि वेळ दोन्ही जातात म्हणून जरा थांबून वाचा. विमान शहराला जात नाही, विमानतळाला जातं, आणि एका शहराला दोन विमानतळ असू शकतात. गोव्याला दाबोळी वेगळा, मोपा वेगळा. मोपा पेडणे तालुक्यात, अगदी उत्तरेला, तुम्हाला हरमल-मांद्रेला जायचं असेल किंवा खरं तर सावंतवाडी-वेंगुर्ल्याच्या घरी जायचं असेल तर तोच सोयीचा (सिंधुदुर्गात चिपीलाही विमानतळ आहे, पण त्या दिवशी फ्लाइट आहे का ते आधी बघा). दक्षिण गोव्यात उतरायचं असेल तर दाबोळी. न्यूयॉर्कला जेएफके आणि नेवार्क, लंडनला हीथ्रो आणि गॅटविक, टोकियोला हानेडा आणि नारिता.

आणि आता आपल्या मुंबईचंही तसंच झालंय. सहारचा जुना विमानतळ, कोड बीओएम, आणि उलव्याचा नवी मुंबई विमानतळ, कोड एनएमआय. तिकीट शोधताना "मुंबई" टाकलं की काही साइटवर दोन्हीकडची विमानं एकाच यादीत येतात, स्वस्त दिसतं म्हणून बोरिवलीच्या माणसाने उलव्याचं तिकीट काढलं तर टॅक्सीतच ती बचत जाईल, आणि पनवेल, खारघर, उरणच्या माणसाने सवयीने सहारचं काढलं तर उलट. तीन अक्षरी कोड बघा, मगच पैसे भरा. सहारच्या विमानतळालाही टी वन आणि टी टू अशी दोन टर्मिनल आहेत, रस्त्याने चार-पाच किलोमीटर लांब, आणि एकाच कंपनीची काही विमानं एकाहून आणि काही दुसऱ्याहून सुटतात. परदेशात जायचं तर टी टू, देशातल्या देशात मात्र दोन्हीकडून, त्यामुळे तिकिटावर टर्मिनल काय लिहिलंय ते वाचा आणि निघायच्या आदल्या दिवशी पुन्हा एकदा वाचा.

चौथी स्टेप : अंतरावरून वेळ काढा

जेट विमान वर गेल्यावर साधारण ताशी ८०० ते ८५० किलोमीटरने उडतं. पण वर चढायला, खाली उतरायला, धावपट्टीपर्यंत रांगत जायला वेळ लागतोच, अंतर कितीही कमी असो. म्हणून सोपा फॉर्म्युला असा, किलोमीटरला ८०० ने भागा, येतील ते तास आणि वर ४० मिनिटं. नागपूर ६९० भागिले ८०० म्हणजे ५२ मिनिटं, अधिक ४०, झालं दीड तास. बंगळुरू ८३५, येतात एक तास ४३ मिनिटांच्या जवळ. गोवा एक तास दहा-बारा मिनिटं. कोलकाता १६६० किलोमीटर, पावणेतीन तास. दुबई तीन तास पाच मिनिटं. तिकिटावरच्या वेळेशी ताडून बघा, दहा-पंधरा मिनिटांच्या आतबाहेर जुळतं. छोटी पंख्याची एटीआर विमानं असतात त्यांना मात्र हे लावू नका, ती ताशी ५०० च्या आसपास जातात.

यातूनच कळतं की पुण्याला विमानाने जाण्यात अर्थ का नाही. १२० किलोमीटर उडायला दहा मिनिटं आणि बाकीचं सगळं तसंच्या तसं.

पाचवी स्टेप : तिकिटावरचा वेळ म्हणजे नक्की काय ते समजून घ्या

तिकिटावर दिल्लीला सव्वादोन तास लिहिलेलं असतं आणि पायलट वर गेल्यावर सांगतो की आपला उड्डाणाचा वेळ एक तास पंचेचाळीस मिनिटं. मग मधला अर्धा तास कुठे गेला? तिकिटावरचा वेळ मोजतात तो विमान गेटवरून हललं तिथपासून समोरच्या शहरात गेटला लागलं तिथपर्यंत. त्यात रांगेतलं थांबणं आलं, रांगत जाणं आलं आणि कंपनीने ठेवलेला थोडा बफरही आला.

मुंबईत हा बफर लागतोच. सहारला दोन धावपट्ट्या आहेत खऱ्या, पण त्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी वापरता येत नाहीत, म्हणजे एवढी सगळी वाहतूक एका वेळी एकाच पट्टीवरून. संध्याकाळी किंवा पावसात उतरणाऱ्या विमानांची रांग लागली की कंट्रोलवाले विमानांना वरच गोल गोल फिरवत ठेवतात, दादरच्या आधी सिग्नलला लोकल उभी राहते ना, तसंच. खिडकीतून तोच समुद्राचा किनारा दोनदा दिसला तर घाबरू नका, नंबर लागायची वाट बघतायत. पावसाळ्याच्या आधी आणि नंतर एकेक दिवस काही तास धावपट्ट्या देखभालीसाठी बंदही ठेवतात, तारीख आधी जाहीर होते. आणि डिसेंबर-जानेवारीत दिल्लीला धुकं पडलं की इथे लख्ख ऊन असूनही मुंबईची विमानं लेट होतात, कारण तेच विमान सकाळी दिल्लीहून यायचं असतं.

म्हणून तुमच्या फ्लाइटचा नंबर घ्या (वेळ नको, नंबर) आणि फ्लाइटरडार२४ सारख्या अ‍ॅपवर टाका, गेल्या काही दिवसांत ती रोज किती वाजता सुटली आणि किती वाजता पोचली ते दिसतं. कागदावर दोन फ्लाइट सारख्याच दिसतात, पण एक रोज वेळेत असते आणि दुसरी रोज पाऊण तास उशिरा. कुणाचं लग्न गाठायचं असेल, मुलाखत असेल, तर तिकीट काढायच्या आधी हे बघणं फार गरजेचं आहे, किमतीतल्या दोनशे रुपयांच्या फरकापेक्षा जास्त.

सहावी स्टेप : जाताना आणि येताना वेळ सारखा नसतो

मुंबईहून कोलकात्याला जाताना कमी वेळ आणि परत येताना जास्त, विशेषतः हिवाळ्यात. कारण वारा. त्या दिवसांत उत्तर भारतावर उंचावरून पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट स्ट्रीम वाहतो, ताशी १५० किलोमीटरच्याही वर, विमान पूर्वेला चाललं की पाठून ढकलतो आणि पश्चिमेला चाललं की छातीवर येतो. मुंबईहून लंडन किंवा न्यूयॉर्कला तर हा फरक तासा-दीड तासाचा होतो. पृथ्वी फिरते म्हणून वेळ वाचतो असं बरेच जण सांगतात, तसं नाहीये, पृथ्वीबरोबर हवाही फिरते आणि विमान त्या हवेतच असतं. कारण वाराच.

आणि एक गोष्ट आपल्या हातात नसते ती म्हणजे कुठल्या देशाचं आकाश उघडं आहे. २०१९ मध्ये पाकिस्तानने काही महिने हवाई हद्द बंद ठेवली होती, २०२५ च्या एप्रिलमध्ये भारतीय कंपन्यांच्या विमानांना पुन्हा बंदी केली, त्याचा मोठा फटका दिल्लीहून पश्चिमेला जाणाऱ्या विमानांना बसला कारण त्यांना खाली अरबी समुद्राकडे येऊन वळसा घालावा लागतो. मुंबई मुळातच समुद्राच्या काठावर, दुबईचा रस्ता समुद्रावरूनच, त्यामुळे आपल्याला तेवढं जाणवत नाही. पण युरोप-अमेरिकेचं तिकीट काढताना जुन्या लेखातला तासांचा आकडा धरू नका, आजच्या शेड्युलमधला धरा.

सातवी स्टेप : दोन्ही वेळा भारताच्या करा

नवीन माणूस सगळ्यात जास्त गोंधळतो तो इथेच. तिकिटावर सुटायची वेळ त्या शहराची असते आणि पोचायची वेळ दुसऱ्या शहराची. देशातल्या देशात प्रश्नच नाही, सगळीकडे घड्याळ एकच (कोलकात्याला सूर्य आपल्यापेक्षा तासभर आधी उगवतो तरी घड्याळ तेच). परदेशात मात्र वजाबाकी करायच्या आधी दोन्ही वेळा भारतीय वेळेत आणायच्या, बास, हा एकच नियम.

समजा मुंबईहून पहाटे ४:१५ ला सुटलं आणि दुबईला ६:०० ला पोचलं. दिसायला पावणेदोन तास, पण दुबई आपल्या दीड तास मागे, तिथले सहा म्हणजे आपले साडेसात, म्हणजे प्रवास सव्वातीन तासांचा. सिंगापूर आपल्या अडीच तास पुढे. रात्री ११:३० ला निघालात आणि तिथे सकाळी ७:३० ला उतरलात तर ते आपले पहाटेचे पाच, प्रवास साडेपाच तास. न्यूयॉर्क हिवाळ्यात साडेदहा तास मागे. मुंबईहून रात्री २:०० ला निघालात, तिथे त्याच दिवशी सकाळी ७:०० ला उतरलात, दिसायला पाच तास, पण आपल्याकडे संध्याकाळचे साडेपाच वाजलेत, म्हणजे साडेपंधरा तास. परत येताना उलट, तिकडून सकाळी ११:०० ला सुटून दुसऱ्या दिवशी सकाळी ११:३० ला इथे, दिसायला चोवीस तासांच्या वर आणि प्रत्यक्षात चौदा. आईवडील पहिल्यांदा मुलाकडे निघालेले असतात, ते हा आकडा बघून हादरतात, त्यांना आधीच कागदावर भारतीय वेळेत लिहून द्या, कधी जेवण येईल, कधी झोपायचं, गोळ्या कधी घ्यायच्या, सगळं त्याच वेळेत.

लंडन हिवाळ्यात साडेपाच तास मागे आणि उन्हाळ्यात साडेचार, कारण ते लोक मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळ पुढे करतात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे. अमेरिकेचे रविवार वेगळे, मार्चचा दुसरा आणि नोव्हेंबरचा पहिला. विमान कंपन्यांचं शेड्युलही मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतं. या तारखांच्या आसपासचं तिकीट असेल तर वेळ पुन्हा तपासा.

पोचायच्या वेळेपुढे +१ लिहिलेलं दिसलं तर विमान दुसऱ्या तारखेला पोचतंय. आणि मुंबईहून परदेशी जाणारी भरपूर विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात, त्यामुळे हे नीट वाचा : तिकिटावर १५ तारीख आणि ००:४० लिहिलं असेल तर तुम्हाला १४ तारखेच्या रात्री विमानतळावर असायचंय. जेवून-खाऊन, १४ ला रात्री साडेनऊला विमानतळाच्या दारात. १५ च्या रात्री गेलात तर विमान आदल्या रात्रीच गेलेलं असेल, आणि तिकिटाचे पैसे सहसा परत मिळत नाहीत.

आठवी स्टेप : आता खरा वेळ, घर ते घर

देशातल्या प्रवासाला दोन तास आधी आणि परदेशी प्रवासाला तीन तास आधी पोचा. देशातल्या विमानांचं बॅगा घ्यायचं काउंटर साधारण तासभर आधी बंद होतं आणि बोर्डिंगचं गेट वीस-पंचवीस मिनिटं आधी, तिथे विनंती चालत नाही.

डोंबिवली ते नागपूर धरमपेठ घेऊ. विमान सकाळी १० चं. साडेसहाला घरातून निघालात, लोकलने घाटकोपर, मेट्रो वनने वेस्टर्न एक्स्प्रेस हायवे किंवा मरोळ नाका, तिथून पुढे रिक्षा किंवा मेट्रो थ्री, आठला टर्मिनलवर. साडेअकराला नागपूर, बॅग येईपर्यंत बारा, तिथला विमानतळ शहरातच आहे म्हणून साडेबाराला घरी. सहा तास झाले, तिकिटावर लिहिलेत दीड. समृद्धीवरून गाडीने थांबे धरून नऊ-दहा तास, दुरांतोने अकराच्या आसपास पण ते झोपेत. मला विचाराल तर नागपूरला दिवसाचं काम असेल तर विमान, नाहीतर रात्रीची गाडी, दिवसही वाचतो आणि हॉटेलची रात्रही. गोव्याचंही असंच मोजा, मडगावच्या वंदे भारतला पावणेआठ-आठ तास, पावसाळ्यात दहा, आणि विमानाने घर ते घर पाच-सहा, त्यात लहान मुलं आणि चार बॅगा असतील तर फरक अजूनच कमी वाटतो. दिल्ली, कोलकाता, चेन्नईला मात्र विमानाला तोड नाही.

पहाटे पाच-साडेपाचचं विमान स्वस्त दिसतं, पण तेव्हा तीनला विमानतळावर पोचायचं आणि मध्यरात्रीनंतर काही तास लोकल नसते, मेट्रो तर त्याच्याही नंतर सुरू होते, म्हणजे कल्याण-विरारहून टॅक्सीच. ते पैसे तिकिटात मिळवूनच तुलना करा. मेट्रो थ्री ला टी वन आणि टी टू दोन्ही स्टेशनं आहेत आणि ती आता कफ परेडपर्यंत जाते, त्यामुळे दक्षिण मुंबईतल्या लोकांना दिवसाच्या विमानासाठी ट्रॅफिकची धास्ती राहिली नाही. उलव्याला जायचं असेल तर शिवडीहून अटल सेतू घ्या.

मधे विमान बदलायचं असेल तर दोन्ही फ्लाइट एकाच तिकिटावर आहेत का ते बघा. एकाच तिकिटावर असतील आणि पहिलं विमान लेट झालं तर पुढची सोय कंपनी करते. वेगवेगळी तिकिटं असतील तर ते तुमचं तुम्ही बघायचं, आणि पहिलं टी वनला उतरून दुसरं टी टूहून असेल तर मधे चार तास तरी ठेवा. एक उलव्याला आणि दुसरं सहारला, असं तर घेऊच नका.

आणि कुणाला आणायला जात असाल तर विमान उतरलं की माणूस बाहेर आला असं नसतं. देशातून आलेल्याला अर्धा तास, परदेशातून आलेल्याला इमिग्रेशन, बॅगा, कस्टम धरून तास-सव्वातास. अ‍ॅपवर "लँडेड" दिसल्यावर ठाण्याहून निघालात तरी बहुतेक वेळा बरोबर पोचता, आणि पार्किंगचे पैसेही कमी लागतात.